राईचा कौल

२ फेब्रुवारी, रविवार
नम्रता आज देवळात उभी राहिली. अख्खा गाव बसलेला आणि ही एकटी उभी.

मानकरी मंगेशदादांनी नुकताच कौल सांगितला होता. देवाच्या अंगावरची उजवी कळी पडली, म्हणजे होकार. देवळामागची जुन्या झाडांची राई तोडायची आणि तिथे सभामंडप बांधायचा. झालं, ठरलं. लोक उठणार, तेवढ्यात तिने शांतपणे विचारलं, "कौल देवान दिलो. पण लाकडां कोण नेतलो?"

लाकडं तळेऱ्याच्या वखारीत जाणार, वखार दादांच्या जावयाची, हे गावात कोणाला ठाऊक नाही? पण ते देवासमोर, दादांच्या तोंडावर!

दादा म्हणाले, "देवावर तुझो इश्वास नाय?"

"माझो आसा, म्हणानच इचारतंय. तुमचो आसा तर इतकी घाई कित्याक?"

तीस वर्षं या देवळाची गुरवकी करतोय. असं बोलणं कधी ऐकलं नव्हतं.

४ फेब्रुवारी
जेवण जात नाही.

५ फेब्रुवारी
नम्रता वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात जाते. आज सकाळी सुदेशची रिक्षा तिच्यासमोरून निघून गेली — थांबलीच नाही. सुदेश दादांचा पुतण्या. हायवेपर्यंत ती चालत गेली. वाटेत कोणी तिच्याशी बोललं नाही म्हणे.

संध्याकाळी नेहमीसारखी देवळात आली. काजूच्या तेलाने काळी पडलेली बोटं जोडून उभी राहिली. मी तीर्थ दिलं. म्हणाली, "चलूची सवय होतली, सत्यवानभाऊ." आणि चक्क हसली. इतकं बळ कुठून आणते ही बाई?

९ फेब्रुवारी, रविवार
लिहूनच टाकतो.

कळ्या मी लावतो. त्या दिवशी डावी नीट भिजवून चिकटवली, उजवी नुसती टेकवली. आदल्या दिवशी दादा येऊन सांगून गेले होते, "होकार येवक होयो." वडील म्हणायचे, गावाच्या भल्यासाठी थोडं इकडेतिकडे चालतं. कोणाच्या भल्यासाठी, हे मी कधी विचारलं नाही. तिने विचारलं. गाभाऱ्यात जिने कधी पाऊल टाकलं नाही, तिने!

आणि तिने बोट दाखवलं ते दादांकडे. माझ्याकडे नाही. माझ्यावर तिचा विश्वास आहे — हेच सोसवत नाही.

दुपारी बायकोला, सावित्रीला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती. हात थांबले. माझ्याकडे बघितलं, पण नवऱ्याकडे बघतात तसं नाही. मग म्हणाली, "माका कित्याक सांगतास? देवळात सांगा."

१२ फेब्रुवारी
नम्रताने पुन्हा कौल मागितला आहे, सगळ्यांसमोर. दादा लगेच तयार झाले. त्यांचाही माझ्यावर भरवसा.

१६ फेब्रुवारी, रविवार
गाव जमलं. कळ्या घेऊन मी गाभाऱ्यात गेलो. देवाकडे बघवेना. तशाच कळ्या मुठीत धरून बाहेर आलो आणि सांगून टाकलं. कोणती कळी भिजवली, कोणती टेकवली, कोणी सांगितलं, सगळं.

"येडो झालो हो!" दादा माझ्याकडे हात करून ओरडले. लोक अंगावर धावून आले, कोणीतरी माझा सदरा धरला. नम्रता मध्ये घुसली. मी तिलाही फसवलं होतं, तिला सगळ्यात जास्त राग यायला हवा होता. पण माझ्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून ती उभी राहिली.

"तो खरा बोललो. आता तुमी बोला, दादानू."

दादांनी चपला घातल्या आणि ते निघून गेले.

घरी आल्यावर सावित्रीने पेज वाढली. दोन वाट्या प्यायलो.

१७ फेब्रुवारी
आज देवळात सभा झाली. माझी गुरवकी काढून घेतली. योग्यच केलं. मग प्रश्न आला, आता कळ्या कोण लावणार?

नम्रता उठली. "कोणीच नको. झाडां आपली, गाव आपलो. देवाक कित्याक मधी घालतास? आपणच ठरवया."

मला वाटलं, आता हिला हाकलून देतील. पण राई राखायची म्हणून हात वर गेले. एक, मग दहा, मग मोजता येईनात. राई राहिली. देव समोरच होता आणि पहिल्यांदाच त्याला कोणी काही विचारलं नाही.