बादलीचे सतरा कागद

“आता तू कुठं जातेस, मेरिट!” हे वाक्य माझा नवरा ड्युएन सोळा वर्षांपूर्वी, एप्रिलमधल्या एका गुरुवारी, मला कमरेत धरून उचलत म्हणाला. तो हसत होता. त्याच्या शर्टाला अक्रोडाच्या भुशाचा आणि बंदुकीच्या तेलाचा वास येत होता. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण मला जे द्यायचं आणि मागायचं आहे, ते सगळं त्या वाक्यापासून सुरू होतं.

मी, मेरिट टॉर्गेरसन, माहेरची लुंडक्विस्ट, वय सत्तेचाळीस, राहणार हॅकेट गल्च, मॉन्टाना, हे पत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, स्वादुपिंड नाही. मिझूलाच्या डॉक्टरांनी नाताळपर्यंतचं बोलून दाखवलं आहे, त्यापुढचं बोलायचं टाळलं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. ड्युएन कालपासून वर डोंगरात शिकारीच्या मोसमासाठी तंबू लावायला गेला आहे, म्हणून घरात लिहायला जागा आहे.

कलम एक. घर आणि वर्कशॉप दोघांच्या नावावर आहे, ते आपोआप ड्युएनचं होईल. त्यात मी काही लिहिण्यासारखं नाही. फक्त वर्कशॉपच्या मागच्या भिंतीतली खिडकी. ती फूटभर रुंद, वीतभर उंच आहे. ड्युएन हाताने बनवतो ती प्रत्येक बंदूक गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी मी त्या खिडकीतून, बाकावर बसून, शंभर यार्डांवरच्या कागदावर झाडते. मॉन्टानाचं आकाश केवढं मोठं म्हणून लोक इतक्या लांबून येतात. मी ते सोळा वर्षं वीतभर पाहिलं. माझ्यामागे तिथे फळ्या ठोकल्यात तर बरं.

कलम दोन. पतसंस्थेतल्या खात्यात जे असेल ते माझी बहीण कॅरिन हिला. ती ऑरेगनला, अॅस्टोरियाला राहते, समुद्राजवळ.

कलम तीन. माझं मोजमापाचं कॅलिपर आणि जुन्या जीन्स कापून शिवलेल्या वाळूच्या दोन पिशव्या शेजारच्या व्हांडा प्रुइट हिला. पिशव्यांवर बंदूक टेकवायची असते, पण व्हांडाला गुडघ्याखाली घ्यायला उपयोगी पडतील.

कलम चार. बर्ल हचिन्स हा शिकाऱ्यांना डोंगरात फिरवणारा गृहस्थ. तो दर शरद ऋतूत माझ्या स्वयंपाकघरात बसून, “ड्युएन, तुझ्या बंदुका झकास, पण बायकोच्या कॉफीला तोड नाही,” असं म्हणत आला. पहिल्या वर्षी ड्युएनने त्याला सांगितलं होतं, “अरे बाबा, तुझी बंदूक तिनंच तपासलीय.” त्यावर बर्ल म्हणाला, “म्हणजे फडक्यानं पुसली असेल!” आणि दोघेही हसले. बर्लला मी माझी कॉफीची किटली देते. त्याने ती स्वतः घासावी.

आता कलम पाच. हे लांब आहे.

सोळा वर्षांपूर्वी मी ड्युएनला सोडून निघाले होते. तो मारत नव्हता, पीत नव्हता. मी एकतीस वर्षांची होते आणि या दरीत माझा श्वास पुरत नव्हता, एवढंच कारण. कॅरिनने तिच्या घरातली खोली रिकामी केली होती. ती शनिवारी गाडी घेऊन येणार होती. बॅग पलंगाखाली भरलेली होती.

त्या वसंतात ड्युएनचं वर्कशॉप बंद पडत आलं होतं. बाजारातल्या तयार बंदुका एवढ्या चांगल्या निघायला लागल्या होत्या, की दीड वर्ष थांबून हाताची बंदूक घ्यायला कोणी येईना. तो जेवणाच्या टेबलावर बसून नुसता ब्रेडचे तुकडे करत राहायचा. आणि अशात ग्रेडी पेनहॅलो आला. तो शिकारीच्या एका मासिकात लिहायचा. त्याला तुलना करायची होती: कारखान्यातल्या पाच बंदुका आणि हाताची एक, ड्युएनची. प्रत्येकीचे तीन कागद, कागदाला पाच गोळ्या. सगळ्यांसाठी नेमबाज एकच, म्हणजे कोणावर अन्याय नको.

“मेरिट मारेल,” ड्युएन म्हणाला.

“बायकोवर एवढा विश्वास?” ग्रेडीने डोळा मारला.

“बंदुकीपेक्षा जास्त.”

चौथी बंदूक सगळ्यात स्वस्त होती. दस्ता काळ्या प्लॅस्टिकचा, टिचकी मारली की पोकळ वाजायचा. “ही तर बादली आहे!” ड्युएन म्हणाला, आणि दोघे कॉफी आणायला घरात गेले. मी बादलीच्या पाच गोळ्या झाडल्या आणि दुर्बिणीतून पाहिलं. पाचही छिद्रं एका नाण्याखाली झाकली गेली असती. ड्युएनची बंदूक मी सकाळीच झाडली होती. तिचे तिन्ही कागद सुरेख होते, पण नाण्याच्या कडेबाहेर एक-एक छिद्र होतंच. मी कागदाकडे चालत गेले. परत येईपर्यंत मी ठरवलं होतं. तो कागद घडी घालून खिशात टाकला, नवा लावला, आणि ते दोघे कप घेऊन आले तेव्हा मी म्हणाले, “पहिल्या पाच बंदुकीवरची दुर्बीण जुळवायला मारल्या. त्या धरू नका.”

जुळवायच्या गोळ्या कोणी धरत नाही. ग्रेडीने मान डोलावली.

पुढच्या तिन्ही कागदांवर मी चापावर बोटाचं टोक ठेवायच्या जागी बोटाचा सांधा ठेवला, दर कागदाला एकदाच. तेवढ्याने नळी केसभर उजवीकडे ओढली जाते. शंभर यार्डांवर त्या केसाचा इंच होतो.

ड्युएनची बंदूक पहिली आली. ग्रेडीने तिथेच स्वतःसाठी एक बनवायला सांगितली. तो गेल्यावर ड्युएनने मला उचललं आणि ते वाक्य म्हणाला. मला वाटलं होतं, जाताना त्याला हे देऊन जावं. त्याचं घर उभं राहील आणि मी हलक्या मनाने निघेन. शनिवारी कॅरिन आली. मी तिला दारातच म्हटलं, “लेख छापून येईपर्यंत थांबते.” ती म्हणाली, “मेरिट, तू वेडी आहेस.” ती एकटीच परत गेली. लेख आला, फोन वाजू लागला. मग ‘पहिल्या दहा बंदुका होईपर्यंत’ असं म्हटलं. ड्युएनने नियमच केला, की प्रत्येक बंदुकीबरोबर अर्ध्या इंचाचा कागद जाईल, म्हणजे पाचही छिद्रं अर्ध्या इंचात. अर्ध्या इंचाचा कागद आमच्याकडे एकच माणूस काढू शकत होतं.

एकदा बिलिंग्जचा एक दातांचा डॉक्टर बंदूक परत घेऊन आला. “माझ्या हातून दीड इंच होतो हो. नळी तपासा.” ड्युएनने बंदूक माझ्याकडे दिली. मी खिडकीतून पाच झाडल्या. अर्धा इंच. डॉक्टर कानापर्यंत लाल झाला, माफी मागू लागला, टोपी विसरून गेला. मला त्याच्यामागे धावत जावंसं वाटलं. चूक त्याची नव्हती, बंदुकीचीही नव्हती. ती मी तपासली, हीच काय ती चूक होती. मी बाकावरून उठले असते, तर ड्युएनचं नाव त्याच दिवशी दीड इंचाचं झालं असतं.

ड्युएनची बंदूक वाईट नव्हती, हे मी शपथेवर लिहिते. तो दस्त्यात लोखंड असं बसवतो, की मधे कागद सरकत नाही. त्याने केलेल्या लाकडावरून मी कितीदा उगाच हात फिरवला आहे. ती बंदूक फक्त पहिली नव्हती.

बादली मी पुढच्या वर्षी ग्रेडीकडून विकत घेतली, बागेतल्या खारींसाठी म्हणून. दरवर्षी ड्युएन तंबू लावायला गेला की मी तिच्या पाच गोळ्या झाडते. मला आशा असायची की नळी झिजेल, प्लॅस्टिक वाकेल, आणि एक दिवस ती खरंच हरेल. मग माझं खोटं खरं होईल आणि मी कोणाचं काही न बिघडवता दार उघडून जाईन. सोळा वर्षांत ती हरली नाही. काल तिला खांद्याला लावायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला, हाताची नुसती काठी झाली आहे. तरी पाचही नाण्याखाली. पहिल्या दिवसाचा धरून सतरा कागद पिठाच्या डब्याखालच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. मागे तारखा आहेत.

बादली आणि ते कागद ड्युएनला.

कलम सहा, देहाबद्दल. टेकडीवरच्या दफनभूमीत, सासूबाईंच्या शेजारी, ड्युएनने आमच्या दोघांसाठी दगड बसवला आहे. उन्हाळ्यात, माझं आजारपण कळल्यावर, त्याने स्वतः त्यावर माझं नाव कोरलं. अक्षरं फार सुंदर आहेत. मला तिथे जायचं नाही. मला जाळावं आणि राख कॅरिनकडे द्यावी.

हे त्याच्या तोंडावर मी एकदाच बोलून पाहिलं. तो ब्रेडचा तुकडा हातात धरून म्हणाला, “मग मी तिथं वर एकटा काय करू?” मी सूप वाढलं. कायद्याने काय होतं मला माहीत नाही. पण ड्युएनने नाही म्हटलं तर कॅरिन त्याच्या दारात भांडणार नाही. ती एकदा भांडली नव्हती, आताही नाही.

अंमलबजावणी व्हांडाने करावी.

हॅकेट गल्च, मॉन्टाना. शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०१९.

सही: मेरिट टॉर्गेरसन

साक्षीदार: व्हांडा प्रुइट. क्लेटन ऑस्बी, पोस्टमास्तर.

सह्या झाल्यावर व्हांडाने कलम पाच पुन्हा वाचलं आणि म्हणाली, “बाई गं, हे वाचल्यावर तर तो तुला मुळीच सोडायचा नाही.” क्लेटन म्हणाला, “मी तर बंदूकच मोडून टाकली असती.” म्हणून दोघांच्या देखत हे थोडं खाली जोडते, आणि त्यापुढे आम्हा तिघांची आद्याक्षरं आहेत.

ड्युएन, खिडकीवर फळ्या ठोकण्याआधी एकदा तू स्वतः त्या बाकावर बस. बादलीच्या पाच गोळ्या मार. बोटाचं टोक, सांधा नाही. चालत जाऊन कागद बघ. मग शनिवारी कॅरिन गाडी घेऊन येईल, तेव्हा मला तिच्याबरोबर जाऊ दे.