पैलवान रडला त्याचं कारण

पैलवान,

बेकरीत चालले. तुला उठवत नाही, पण ही खुशखबर पोटात ठेवून भट्टीसमोर उभं राहणं मला जमायचं नाही.

काल दूध उतू गेलं आणि तू ओट्याला टेकून हमसून हमसून रडलास. वर म्हणालास, "बायकोला बांधून घालणारा मी राक्षसच." अरे वेड्या, परवा रात्री खेळात दोरीनं बांध म्हणून मागे कोण लागलं होतं? मीच ना? आणि "पुरे" म्हणताच गाठी कोणी सोडल्या?

तू झोपल्यावर लाज गुंडाळून ठेवून डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अशा खेळात अंगात ॲड्रेनलिन उसळतं, वेदना बधिर करणारी रसायनं सुटतात, माणूस तरंगतो. एक-दोन दिवसांनी ते ओसरलं की उगाचच जग बुडाल्यासारखं वाटतं. मागच्या खेपेला मी पावाच्या पिठात रडले, ते हेच! तू मात्र घाबरून दोरी माळ्यावर फेकलीस.

या खेपेला तू मला पांघरूण, चॉकलेट, कुशी, सगळं दिलंस. मी ठणठणीत! पण बांधणाऱ्याचंही अंग उसळतं आणि ओसरतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तू आपला भांडी घासत बसलास.

टेबलावरचं चॉकलेट अख्खं तुझं. पांघरूण सोडू नकोस.

दोरी माळ्यावर शोधू नकोस, धुऊन गॅलरीत वाळत घातलीये. शेजारच्या काकूंनी विचारलं, इतकी मऊ दोरी कुठे मिळाली? मी ऐटीत सांगितलं, "मला रुतू नये म्हणून आमच्या ह्यांनी सगळा बाजार पालथा घातला."

तुझी भट्टीवाली