मला बसता येतं

सुलास्त्रीताई,

बाटिकच्या कारखान्यात बाकी सगळ्या बुटक्या स्टुलांवर बसायच्या आणि मी उभ्याने काम करायचे, तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "राणीसाहेबांना सिंहासन हवंय!" बसलं की माकडहाडाशी आग व्हायची, तळवे जळायचे, लघवी अडायची. डॉक्टर म्हणायचे, मनाचे खेळ.

शेवटी सुराबायाच्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅन दाखवला. कण्याच्या तळाशी, नसांच्या मुळांवर पाण्याने भरलेल्या गाठी होत्या.

"वेड नाही लागलेलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. मी आनंदाने रडले.

ऑपरेशन झालं. तळवे अजून कधीमधी जळतात, पण काल मेणाच्या कढईपाशी बुटक्या स्टुलावर बसून मी कमरेला गुंडाळायचं अख्खं सारोंग चितारलं.

हे पत्र टपालात टाकणार नाही. उद्या बसने सोलोला तुझ्याकडे येतेय. हे वाचताना तुझं तोंड कसं होतं, ते मला समोर बसून बघायचंय.

तुझीच धाकटी,
विरात्मी