जखमेतलं बियाणं

१२ जानेवारी, तेर
आधी सगळ्यांची विचारपूस. लेकाचा, बलभीमचा, खोकला थांबला. सुनेचा गुडघा तसाच. शेळी गाभण हाय, खुशीत हाय. माझं काय — खाते, पिते, कुरकुरते. राहिले हे. पायाची जखम भरंना. डॉक्टर म्हणाले, "तीन औषधं झाली, जंतू दाद देईनात." त्यावर हे म्हणतात कसे, "माझ्या घरचं मीठ खाल्लेले, हट्टी निघायचेच!"

१९ जानेवारी
नात आली, प्रतीक्षा. हिच्याच पाटीवर म्या अक्षरं गिरवली. आता कॉलेजात जंतूंवर शिकते. जखमेला कापूस लावून कुपीत घालून नेला. जाताना आजोबांना झापलं — "ताप उतरला की गोळ्या डब्यात! अर्धमेला साप सोडल्यावाणी झालं. ते जंतू शहाणे होऊन परत आले." हे हसले, "डब्यातल्या गोळ्या आख्ख्या गल्लीनं खाल्ल्या, पुण्य लागलं!"

३ फेब्रुवारी
प्रतीक्षाचा फोन आला! चांदीचे बारीक कण, लवंगेचं तेल अन् ते हरलेलंच औषध — एकेकट्याला जमलं न्हाय, तिघं मिळून घातले तर काचेच्या ताटलीतले जंतू मेले!
"मार, सगळे मार!" म्या म्हटलं. "चांदी लागती तर ह्यांचा करदोडा हाय की. उगाळू का सहाणेवर?"
"आजी, न्हाय हं! ही चांदी डोळ्याला दिसत न्हाय. अन् माणसाला अजून द्यायची न्हाय. आधी उंदीर, मग परवानग्या. वर्षं लागतील."
ताट वाढलंय अन् हात बांधलेत.

९ फेब्रुवारी
ह्यांना धाराशिवला दवाखान्यात आणलं. विष रक्तात गेलं. शुद्धीवर आले की एवढंच — "शेळीला पाणी पाजलं का?"

११ फेब्रुवारी
ह्यांच्या कमरेचा करदोडा बलभीमनं तोडला. सरणावर नेत न्हाईत. चांदी गार पडली होती.

२५ फेब्रुवारी
प्रतीक्षा गळ्यात पडून रडली. म्या विचारलं, "मेले ना गं सगळे?"
"ताटलीतले मेले, आजी. पण मूळचे बर्फात ठेवलेत, बियाणासारखे. पुढची औषधं त्यांच्यावर तपासायची. आजोबांच्या जखमेतले अशी चिठ्ठी लावलीय, तिथं जिवंत हायत."
अस्सा राग आला! नवरा गेला, अन् त्याला खाणारे जपून ठेवलेत.

४ मार्च
शेळी व्याली, दोन पिल्लं. पाणी पाजलं. बलभीम बरा. सुनेचा गुडघाबी बरा. फोनवर विचारायला जीभ उचलंना, म्हणून इथंच विचारते — प्रतीक्षा बाई, बर्फातले ते, आजोबांच्या घरचं मीठ खाल्लेले, बरे हायत का? सगळे मारू नको. लवकर कळव.