आगीला कारण असते

मी, साधना बाबूराव गायकवाड, वय एकाहत्तर, राहणार बिशान, सिंगापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय, माझ्यामागे काय व्हावे ते लिहून ठेवते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. थकले आहे, म्हणून थोडक्यात.

१. राहता फ्लॅट मुलगी दीक्षा हिला. बँकेतली ठेव थोरल्या रत्नदीपला. धाकटा उज्ज्वल गेला तेव्हा रत्नदीप म्हणाला होता, "नशिबात होतं आई, आता सोड." ठेव तरीही त्यालाच. ते वाक्य मात्र मी विसरलेले नाही.

२. अरबी पुस्तके आणि माझा अप्रकाशित ग्रंथ हाजी रोस्लान यांना.

आयुष्यभर मी एकाच वादावर काम केले. मध्ययुगातले इस्लामी कलामपंडित, म्हणजे तर्काने धर्म सिद्ध करू पाहणारे, म्हणत की आग कापूस जाळत नाही, प्रत्येक वेळी देवच जाळतो. तत्त्वज्ञ त्यांना विचारत, कारणच नाकारले तर ज्ञान कशाचे? शिवाय हे लोक निष्कर्ष आधी ठरवतात आणि युक्तिवाद मागून शोधतात, हा दुसरा आक्षेप. मी तत्त्वज्ञांच्या बाजूची. बौद्ध घरात वाढले. कारणावाचून काही घडत नाही, हे लहानपणापासून ऐकलेले. हाजी मदरशात कलाम शिकवत. आंग मो किओच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, कॉफी गार होईपर्यंत आम्ही भांडत असू.

मग उज्ज्वल कामाला होता त्या कारखान्यात आग लागली. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होते, तो आतच अडकला. कंपनी म्हणाली, अपघात, कोणाचा दोष नाही. चौकशीला माझ्याबरोबर यायला घरातले कोणी तयार नव्हते. हाजी आले.

मी चिडून म्हटले, "तुमच्या मते देवानेच जाळले. मग कुलूप लावणारा सुटला?"

ते म्हणाले, "नाही, मॅडम. आग जाळते ही देवाची रीत. ती त्या माणसाला ठाऊक होती. तो जबाबदार आहे."

घाबरून गप्प बसलेल्या मलाय कामगारांच्या घरी ते स्वतः गेले, त्यांना बोलते केले. कुलूप लावणाऱ्या मॅनेजरला शिक्षा झाली. उज्ज्वल काही परत आला नाही.

कलाम मला आजही पटत नाही. ग्रंथातली टीका तशीच राहावी. फक्त 'हे लोक माणसाची जबाबदारी पुसून टाकतात' हे वाक्य काढावे.

३. लोखंडी कढई शेजारच्या सुचित्राला. तिने अनेकदा मागितली आणि मी दरवेळी नाही म्हटले.

४. अंत्यविधी त्रिसरण-पंचशील म्हणून साधेपणाने व्हावा. हाजींना माझ्यासाठी दुवा मागायची असेल, तर दीक्षा, त्यांना अडवू नकोस. ती कशी पोहोचते, हे मी विचारणार नाही.

अंमलबजावणी दीक्षाने करावी.

सही: साधना बाबूराव गायकवाड
बिशान, सिंगापूर, १४ ऑगस्ट २००७

आमच्या दोघांच्या समक्ष सही झाली. यातले आम्हाला काही मिळणार नाही, म्हणूनच बाईंनी आम्हाला बोलावले.
साक्षीदार: शैलेंद्र पटवर्धन, स्मिता ओव्हाळ