मुशीचं नाक

३ जुलै, गुरुवार

आज कुरुळीत मजा आली! ‘नाकावरचे ठिपके’ हे पान पहिल्यांदाच मुलांसमोर वाचलं. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून बुद्धरत्नभाऊ संध्याकाळी विहाराचा हॉल उघडतात, कामगारांची मुलं जमवतात. मी चिंचवडहून, मुलांसाठी लिहितेय-रंगवतेय त्या पुस्तकाची कच्ची पानं घेऊन जाते. मुलांनाच कळलं नाही तर छापायचं कशाला?

सुरुवात नेहमीचीच. “ताई, शार्क माणसाला खातो?” म्हटलं, कोकणात तिला मुशी म्हणतात, आणि आपण काही तिचं जेवण नाही. पोरं हिरमुसली.

मग चित्र उघडलं. मुशीच्या नाकाडावर बारीक बारीक छिद्रं, आत जेलीसारखं काहीतरी. पाण्यात कुठलाही जीव हलला, नुसतं त्याचं काळीज धडधडलं, तरी इवलीशी वीज उमटते. ती मुशीला कळते. चपटा पाकट मासा वाळूखाली दडून बसला तरी सापडतो! पोरं चित्रावर ओणवली.

तेवढ्यात मागून नेहा बोलली. दुसरीतली, वेण्या कायम सुटलेल्या. “मला पण कळतं. आमच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात.”

सगळे हसले. मीसुद्धा.

४ जुलै

सकाळी ठिपके रंगवत होते आणि मध्येच ब्रश थांबला. नळाला मुंग्या?

भाऊंना फोन केला. “येतो हो ताई थोडाफार करंट. त्या ओळीतल्या सगळ्याच खोल्यांना. पावसाळ्यात जरा जास्त.” डासांबद्दल बोलावं तसं बोलले.

६ जुलै, रविवार

जाऊन आले. जायला नको होतं, असं वाटण्याइतकं वाईट वाटतंय.

पत्र्याच्या खोल्यांची लांब ओळ. टोकाला मोटर, तिथून लोखंडी पाइप, सगळ्यांना मिळून एकच नळ. भिंत ओली, वायरी खिळ्याला गुंडाळलेल्या. नेहाची आई पाणी भरत होती — पायात रबरी चप्पल, हाताला प्लास्टिकची पिशवी. “चप्पल घालूनच भरायचं असतंय. सवय झाली आता.”

मी बोट लावलं. मनगटापर्यंत झिणझिण गेली!

आणि मग मुलं आली. नेहाने सगळ्यांना ओळीत उभं केलं, हातात हात. पहिल्याने नळाला हात लावायचा. ओळीत सगळ्यात लांब उभं राहून ज्याला कळेल त्याचं नाक मुशीचं! “ताई, गुरुवारपासून रोज खेळतो आम्ही. अनवाणी जास्त कळतं.”

अनवाणी. ओल्या फरशीवर. माझं पान वाचून.

ओरडले मी त्यांच्यावर. नेहाला काही उमगलं नाही.

७ जुलै

खोल्यांचे मालक हिंदुराव. खोल्यांच्या मागेच त्यांचं जुनं घर. सोफ्यावर बसवलं, चहा दिला, बोलायला गोड.

“आवो ताई, इतकी वर्सं झाली, कुनाला काय झालंय का? वायरमन गावाला गेलाय, आला की बघू. तुमी पोरास्नी चित्रं दावा, आमी खोल्या बघतो.”

त्यांच्या आई, चतुराबाई, दारात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बाई खोटं न्हाई बोलत, हिंदू.” हिंदुरावांनी ऐकलंच नाही.

वीज ऑफिसला फोन लावला. “मीटरच्या पुढचं वायरिंग मालकाचं काम, मॅडम.”

९ जुलै

झोप नाही. रंगवत नाही. ते पान उलटं घालून ठेवलंय.

१० जुलै, गुरुवार

पुस्तकात नसलेली गोष्ट आज सांगितली. तीही खरीच. “थोडी वीज असली तर मुशी जवळ जाते. पण जोरदार वीज जाणवली तर? झटकन मागे फिरते! बघत थांबत नाही. कितीही भूक असो.”

नेहाने विचारलं, “मग आमचं पाणी?”

म्हटलं, मोठ्या माणसांना हाक मारायची, आपण हात लावायचा नाही. माझं मलाच पोकळ वाटलं. मोठी माणसं तर पिशवी गुंडाळून भरताहेत!

निघताना भाऊ गाडीपाशी आले. चेहरा उतरलेला. “मीपण सवयीनंच बोललो त्या दिवशी. आमच्या कंपनीतला इलेक्ट्रिशियन आणतो शनिवारी.”

१२ जुलै, शनिवार

इलेक्ट्रिशियन आला. त्याने मोटरला टेस्टर लावला आणि सगळ्यांना आधी मागे सरकवलं. मोटरच्या बॉडीतच करंट उतरलाय. अर्थिंगची म्हणून जी तार आहे ती जमिनीत गेलेलीच नाही, भिंतीमागे नुसती लोंबतेय. “आजवर कोणी गेलं नाही हे नशीब,” म्हणाला, आणि मोटर बंद केली.

हिंदुराव धावत आले. आज गोड नव्हते. “कुनाला इचारून आत शिरलात? आन् पानी काय तुमी देनार हाय का लोकांना?” त्यांनी मोटर पुन्हा चालू केली.

बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. नेहाची आई तेवढी म्हणाली, “मालक, लेकरं हायेत.” हिंदुरावांनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. मला ती नजर आवडली नाही.

१४ जुलै

सकाळी भाऊंचा फोन. हिंदुरावांची म्हैस गेली. त्याच पाइपचं पाणी गोठ्यातल्या हौदात जातं. तोंड घातलं आणि उभ्याउभ्या कोसळली. हिंदुराव तिला धरायला धावले, तर चतुराबाई किंचाळल्या, “हात लावू नगंस!” आणि म्हातारीने स्वतः जाऊन मेन स्विच खाली ओढला. लाकडी काठीने!

त्या जागी नेहा असती. हा विचार जातच नाही.

१७ जुलै, गुरुवार

नवी मोटर, नवी वायरिंग, अर्थिंगसाठी अंगणात खड्डा! चतुराबाई काम संपेपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसल्या होत्या म्हणे. भाऊंनी स्वतः तपासलं. करंट नाही. मी बोट लावलं. गार पाणी, बस्स. रडूच आलं.

हॉलमध्ये नेहाने विचारलं, “ताई, मुशीला कोणी सांगतं का, इथं धोका आहे म्हणून?” म्हटलं, नाही, तिचं तिलाच कळतं. ती म्हणाली, “मी सांगितलं होतं.”

हो गं बाई. तूच सांगितलंस.

रात्री ते पान पूर्ण केलं. तिचं नाव अर्पणपत्रिकेत टाकलं.

२४ जुलै, गुरुवार

नेहा आली नाही. भाऊ आधी मुलांना आत बसवून आले. मग म्हणाले, हिंदुरावांनी नेहाच्या घरच्यांना खोली सोडायला लावली — बाहेरची माणसं घरात आणणारे भाडेकरू नकोत म्हणे. शाळेतूनही नाव काढलं. आईचा फोन बंद.

“गेले कुठे?”

“एमआयडीसीच्या पलीकडे कुठंतरी. तिकडच्या खोल्या याच्याहून जुन्या आहेत, ताई.”