पिवळ्या पट्टीचं झाड

३ मार्च
हे गेल्यापासून आज पहिल्यांदा गच्चीवर गेले. कोपऱ्यातला नळ अजून ठिबकतोय. नीट बंद करायचे नाहीत, मी किती बोलायची. त्याच थेंबांवर ह्यांचं टोमॅटोचं झाड तगलंय. लालेलाल!
तोडायला हात घातला, तर खोडाला पिवळी पट्टी. ह्यांच्या प्रयोगशाळेतली. जनुकं बदललेल्या रोपांनाच ती बांधतात.

४ मार्च
कामात लक्ष नाही. असलं रोप परवानगीशिवाय बाहेर आणणं गुन्हा आहे. हेच सांगायचे — जेवताना आधी कायदा वाढायचे, मग भाजी. एखादं बी चिकटून येऊ नये म्हणून तिथून निघताना मोजे झटकणारा माणूस. तो अख्खं रोप घरी आणेल?
पट्टी कापून टाकली तर कुणाला कळणार नाही. मला कळेल.

५ मार्च
ह्यांच्या हाताखाली काम करायची त्या मुलीला फोन केला.

६ मार्च
ती आली. दोन पानं पिशवीत घातली.
"काकू, पट्टीवर नंबर नाही."
म्हटलं, मग बरंच ना?
"उलट. नंबर नाही म्हणजे नोंद न करता, चोरून आणलेलं." मान खाली. "तसं निघालं तर झाड जाळायचं, आणि सरांच्या नावावर ठपका."
म्हटलं, तपास. हे असते तर हेच म्हणाले असते.
चहा मात्र दोघींनी गच्चीवरच घेतला. तिलाही मोजे झटकायला लावायचे म्हणे! बऱ्याच दिवसांनी ह्यांच्याबद्दल कुणाशी बोलले. बरं वाटलं.

११ मार्च
तिचा फोन. "काकू, झाड साधं आहे! बाजारातलं बियाणं." हसत होती की रडत, कळेना.
जीव भांड्यात पडला. पण मग पट्टी कशाला?

१३ मार्च
नणंद आली. एरवी बोलता बोलता अख्खं झाड रिकामं करायची. आज लांबच उभी.
"नको गं वहिनी. दादानं पट्टी दाखवून बजावलंय — एक जरी खाल्लास तर कायद्यानं तुलाही जाळावं लागेल."
हसू आवरेना. पाणी आणते म्हणून खाली आले.
तिला खरं सांगितलं नाही. ती गेल्यावर एक तोडून खाल्ला. पट्टी राहू दिली.